बी किडावा उठली नाही

हॉटेल न्योता साबामध्ये मी एकोणीस वर्षं वेटर होतो. त्या एकोणीस वर्षांत दारुडे पाहिले, खलाशी पाहिले, मंत्र्यांचे मेहुणे पाहिले. पण ऑर्डर घ्यायला जाताना मी वही उलटी धरली ती एकाच गिऱ्हाइकासमोर, आणि ते गिऱ्हाईक आमच्याच स्वयंपाकघरातलं होतं.

न्योता साबा म्हणजे सात तारे. नाव फरहानी मालकांच्या वडिलांनी ठेवलेलं. सातातले पाच कुठे गळाले हे कुणी विचारत नसे, कारण समुद्राकडे तोंड करून, पांढऱ्या टेबलक्लॉथवर जेवायचं म्हटलं तर तांगा शहरात दुसरी जागाच नव्हती. घायपाताच्या दोरांच्या कारखान्यांचे दिवस सरले होते, बंदरात आठवड्याला एखादं जहाज लागलं तर लागायचं, अर्धं शहर सायकलवर फिरायचं. तरी शुक्रवारी नमाजानंतर आमचं हॉटेल भरायचं. लोक यायचे ते ऑक्टोपससाठी. नारळाच्या रसातला ऑक्टोपस आणि वाफाळता भात.

तो करायची किडावा. सगळं शहर आज तिला मानानं बी किडावा म्हणतं, पण तेव्हा हॉटेलात माझ्याखेरीज सगळ्यांना ती नुसती किडावा होती आणि कागदोपत्री भांडीवाली होती.

ती आली तेव्हा तिशीतली होती. नवरा लवंगांच्या हंगामाला पेंबा बेटावर गेला आणि तिकडचाच झाला. "मेला असता तर रीतीप्रमाणे रडले असते," ती म्हणायची. "जिवंत आहे, म्हणून एक दिवसही रडले नाही." लेक आजीकडे ठेवून ती मोरीपाशी उभी राहिली. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी, अंगानं काटकुळी, आणि हात असे की उकळत्या कढईतला चमचा नुसत्या बोटांनी उचलायची.

भांडीवालीची आचारीण कशी झाली ते मी डोळ्यांनी पाहिलंय. एका दुपारी कुठल्याशा जहाजाच्या कप्तानानं ताट परत पाठवलं. "हा बुटाचा तळवा आहे," म्हणाला. आमचा तेव्हाचा आचारी ताट हातात घेऊन खुळ्यासारखा उभा. मोरीवरून किडावा म्हणाली, "मीठ आधी घातलंत. आणि त्याला मारलंच नाहीत."

"कुणाला मारायचं?"

"ऑक्टोपसला. कप्तानाला नव्हे."

तिनं हात पुसले, बर्फातला एक ऑक्टोपस उचलला आणि मागच्या दगडी पायरीवर आपटायला लागली. चाळीस-पन्नास वेळा तरी. मग त्याच्याच सुटलेल्या पाण्यात तो शिजवला, एक थेंब वरून न घालता. खवणीवर बसून दोन नारळ खवले. आधी पातळ रस, आलं, लसूण, कच्च्या आंब्याची फोड. दाट रस अगदी शेवटी, आणि त्याला उकळी येऊ दिली नाही. कप्तानानं बोटं चाटली. त्या दिवसापासून ऑक्टोपस तिचा झाला. मोरीही तिचीच राहिली.

हे ती कुठे शिकली? उफुकोनी गावात, शहराच्या दक्षिणेला. तिथे मोठ्या ओहोटीला समुद्र मागे सरतो आणि खडकांचं रान उघडं पडतं. पुरुष होड्या घेऊन लांब जातात. खडकांवरचा ऑक्टोपस बायका पकडतात, हातात एक लोखंडी सळई घेऊन. किडावा आठ वर्षांची असल्यापासून आईमागून जायची. "त्याचं घर शोधणं सोपं," ती सांगायची. "जेवून झालं की शिंपल्या दारातच टाकतो. आळशी नवऱ्यासारखा."

चौदा वर्षं ती आमच्याकडे होती. चौदा वर्षांत पांढऱ्या उंच टोपीचे चार शेफ आले आणि गेले. किडावा डोक्याला कांगा, इथल्या बायकांचं रंगीत सुती वस्त्र, गुंडाळून उभी राहायची. जेवायचीही उभ्यानं, मागच्या पायरीपाशी, ताट एका हातात धरून. आम्ही सगळेच तसे जेवायचो. हॉलमध्ये नोकरांनी बसायचं नाही हा मोठ्या मालकांच्या वेळचा नियम होता, आणि नियमाला कुणी कधी बोट लावलं नव्हतं.

पाचवा शेफ देसदेरी. डोंगराकडचा तरुण, केळी-मांस खाऊन वाढलेला, शिकलेला, स्वभावानं वाईट नाही. ऑक्टोपस त्यानं प्रथम आमच्या बर्फाच्या पेटीत पाहिला आणि दोन पावलं मागे सरला. तो येऊन तीन महिने झाले आणि राजधानीतल्या एका मासिकाची माणसं आली, फोटो काढायला. किडावानं पहाटेपासून खपून हंडी तयार केली. फोटोवाला म्हणाला, "मावशी, जरा बाजूला व्हा." ती झाली. देसदेरीनं हाताची घडी घातली, हंडी पुढे ठेवली, फोटो निघाला.

महिन्याभरानं नवीन मेनू छापून आला. गुळगुळीत, रंगीत. किडावानं तो माझ्या हातात दिला.

"वाच."

"तुम्हाला वाचता येतं की, बी किडावा."

"येतं. तुझ्या तोंडून ऐकायचंय. मोठ्यानं."

मी वाचलं. 'शेफ देसदेरी यांचा खास ऑक्टोपस. त्यांच्या स्वतःच्या कल्पनेतून.'

"कल्पनेतून," ती म्हणाली. तिनं मेनू पुसला, कारण त्यावर तिच्या बोटाचा ओला डाग पडला होता, आणि जागेवर ठेवून दिला. मग मोरीकडे वळली.

सोमवार तिच्या सुट्टीचा. त्या सोमवारी दुपारी एकच्या सुमाराला मी हॉलमध्ये होतो. बंदराचे म्हातारे साहेब त्यांच्या नेहमीच्या कोपऱ्यात, शाळेतल्या आठ शिक्षिका कुणाच्या तरी निवृत्तीचं जेवण जेवत होत्या, आणखी चार-सहा टेबलं भरलेली. पुढचं दार उघडलं आणि किडावा आत आली.

पुढच्या दारानं. चौदा वर्षांत तिनं त्या दाराची मूठ फक्त पुसली असेल. अंगावर कोरा कांगा, हातांना ताजी मेंदी, कानात चांदीचं. कांग्याच्या किनारीवर एक टोमणा छापलेला असतो तसा होताच. तो काय होता हे मी लिहिलं तर फरहानींच्या घरची माणसं आजही बोलणं टाकतील. ती सरळ चालत खिडकीपाशी गेली आणि सात नंबरच्या टेबलावर बसली. खुर्ची नीट ओढून, पाठ टेकून.

मी वही घेऊन गेलो. वही उलटी धरली ती तेव्हाच.

"बी किडावा, हे काय करताय?" मी पुटपुटलो. "मालक आत आहेत."

"आधी पाणी आण. मग विचार, काय घेणार म्हणून. बाकीच्यांना विचारतोस तसं."

"काय... काय घेणार?"

"ऑक्टोपस. शेफसाहेबांच्या कल्पनेतला. आणि भात."

मी आत जाऊन ऑर्डर दिली. कुणासाठी ते सांगितलं नाही. तिची सुट्टी असली की देसदेरीच ऑक्टोपस करायचा, आणि सोमवारी तो मागणारी माणसं कमी का असतात हे हॉटेलात कुणी बोलत नसे.

मी पाण्याचा ग्लास ठेवतोय तोच फरहानी मालक बाहेर आले. त्यांनी पाहिलं, हसले, कारण हॉलमध्ये ते नेहमी हसत. टेबलाजवळ येऊन खाली वाकून म्हणाले, "किडावा, उठ."

"जेवायला आलेय, मालक."

"नोकरांनी इथं बसायचं नसतं. तुला ठाऊक आहे."

"आज सोमवार. आज मी नोकर नाही. पैसे आणलेत."

"मागे ये. तुला हवं तेवढं वाढायला सांगतो."

"मागे चौदा वर्षं उभ्यानं जेवले, मालक. पाय दुखतात. आज बसून जेवायचंय."

ती मोठ्यानं बोलत नव्हती, पण हळूही बोलत नव्हती. शाळेतल्या बायांचे चमचे वाजायचे थांबले. त्यांच्यातली एक जाड चष्म्याची बाई म्हणाली, "बसू द्या की त्यांना. आमची काही हरकत नाही."

मालकांचं हसू जागच्या जागी सुकलं. ते मला म्हणाले, "लवकर आण, लवकर संपव."

मी ताट आणलं. किडावानं हात धुतले, बिस्मिल्ला म्हटलं, एक तुकडा तोंडात घातला. चावला. आणखी चावला. मग ताट दोन बोटांनी पुढे सरकवून मला म्हणाली,

"हेमेदी, ज्यानं हे केलं त्याला बोलाव."

देसदेरी टोपी सावरत आला. टेबलावर कोण बसलंय हे पाहून त्याचा चेहरा आधी उजळला, मग पडला. "मावशी, तुम्ही?"

"यात खायचा सोडा घातलास."

"मऊ व्हायला..."

"झालाय मऊ. साबणही मऊच असतो. नारळ कुठला?"

तो मालकांकडे बघायला लागला. मालक म्हणाले, "डब्यातला. चांगल्या कंपनीचा. गिऱ्हाइकांना काही फरक कळत नाही."

किडावा खुर्चीत वळली आणि सगळ्या हॉलला उद्देशून म्हणाली, "कळत नाही का हो तुम्हाला?"

सगळे आपापल्या ताटात बघायला लागले. मग कोपऱ्यातून बंदराच्या साहेबांनी आपलं ताट ढकललं. "अरे देवा," ते म्हणाले, "मी चार महिने समजत होतो, सोमवारी माझंच तोंड बिघडतं."

शाळेच्या बायांमध्ये जो हशा पिकला तो थांबता थांबेना. मालक पांढरेफटक पडले. आता ते कुजबुजले नाहीत. "उद्यापासून येऊ नकोस, किडावा. आणि आत्ता उठ."

"उद्याचं उद्या बघू. आज मी गिऱ्हाईक आहे. हेमेदी, भात गार झालाय. दुसरा आण, आणि आंब्याचं लोणचं."

मी मालकांकडे पाहिलं. त्यांनी मान वळवली. मी भात आणला. ती नुसता भात आणि लोणचं जेवली, शेवटच्या शितापर्यंत, घाई न करता, मधूनमधून समुद्राकडे बघत. हात धुतले. पैसे ठेवले, वर माझ्यासाठी एक नोट ठेवली. आणि पुढच्याच दारानं बाहेर गेली.

मी तिच्यामागोमाग बाहेर पडलो असं लिहायला मला आवडलं असतं. नाही पडलो. मी टेबल पुसलं.

शहरातल्या न्गामियानी वस्तीत तिच्या घरापुढे रस्त्याच्या कडेला एक जंगली बदाम आहे. त्याच्या सावलीत तिनं चार बाकडी टाकली, एक लांब टेबल, तीन चुली. पाटी नाही, नाव नाही. पहिल्याच दिवशी गल्लीत रांग लागली. पण लोक हंडीत डोकावून परत जाऊ लागले, कारण हंडीत ऑक्टोपस नव्हता.

फरहानी मालक हसरे असले तरी कच्चे नव्हते. उफुकोनीच्या बायकांचा सगळा ऑक्टोपस आमचंच हॉटेल घ्यायचं. हॉटेलची गाडी गावात बर्फ घेऊन जायची आणि माल घेऊन यायची. त्या गाडीवरच्या मुकादमानं गावात सांगून टाकलं, किडावाला कुणी एक जरी विकला तर बर्फ बंद. बर्फ नाही म्हणजे पुरुषांची मासळीही सडणार. कोण कशाला विकेल?

किडावानं नारळाच्या रसात चवळी केली. दहा दिवस चवळीच. मी संध्याकाळी जाऊन बाकड्यावर बसायचो. ती वाढता वाढता विचारायची, "टेबलक्लॉथ कसा आहे, हेमेदी? पांढरा आहे ना अजून?" मी खाली मान घालून जेवायचो.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "उद्या सुट्टी आहे ना तुझी? सायकल आण. बादली मी घेते."

सकाळी आम्ही उफुकोनीला पोचलो तेव्हा पाणी मागे सरत होतं आणि बायका ओळीनं खडकांकडे निघाल्या होत्या. किडावानं कांगा गुडघ्यांवर खोचला, घरच्या पलंगाची काढून आणलेली लोखंडी सळई हातात घेतली आणि चालायला लागली. पुढे म्वांतुमू होती, सगळ्या बायकांची म्होरकी, पासष्टीची, उन्हानं काळीठिक्कर पडलेली.

"कोण गं ही?" म्वांतुमू मोठ्यानं म्हणाली. "हॉटेलवाली! इतक्या वर्षांनी वाट सापडली वाटतं?"

"सापडली, मावशी."

"आमच्या घरातल्या लग्नाला आली नाहीस, मयताला आली नाहीस. आता मालकानं हाकललं तेव्हा आमचे खडक आठवले?"

मला वाटलं, आता किडावा फाडकन उत्तर देणार. ती म्हणाली, "खरंय. चुकलं माझं." आणि पुढे चालू लागली.

त्या दिवशी तिला काहीही मिळालं नाही. नजर बसेना. एखाद्या बिळाशी ती वाकायची तोवर कुणी तरी पोरगी तिथला ऑक्टोपस घेऊन हसत निघून गेलेली असायची. शेवाळावरून घसरून तिच्या पायाला ही एवढी चीर पडली, समुद्रात रक्ताची रेघ उमटली. भरती चढायला लागल्यावर ती लंगडत परत आली, बादलीत पाणी तेवढं.

"झालं?" म्वांतुमूनं विचारलं.

"उद्या येते," किडावा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी एक मिळाला. तिसऱ्या दिवशी दोन. पायाला फडकं बांधून ती यायची, बसमधून बादली सांभाळत जायची, आणि मिळालेलं शिजवून जेवढ्यांना पुरेल तेवढ्यांना वाढायची. पाचव्या दिवशी, मोठी ओहोटी संपायची होती त्या दिवशी, मी परत रजा काढून गेलो होतो. किनाऱ्यावर मुकादम गाडीला टेकून उभा होता. बायका माल मोजून देत होत्या. म्वांतुमू आपली टोपली घेऊन त्याच्यासमोरून सरळ पुढे आली, तिच्यातला सगळ्यात मोठा ऑक्टोपस उचलला आणि किडावाच्या बादलीत टाकला.

मुकादम ओरडला, "ए म्हातारे! काय सांगितलं होतं? तिला विकायचा नाही!"

"विकला कुठे? दिला," म्वांतुमू म्हणाली. "पोर माझ्या गावची आहे. तिला काही दिलं तर त्यालाही तुझ्या मालकाची परवानगी लागते?"

मग दुसऱ्या बाईनं एक टाकला. तिसरीनं टाकला. बादली भरली, माझ्या सायकलच्या टोपलीत टाकायला लागल्या. मुकादम गाडीत चढला. त्यानं बर्फाची गाडी तशीच वळवली आणि निघून गेला, बर्फ उतरवलाच नाही.

गावात दोन दिवस भांडणं झाली. पुरुष म्हणाले, तुमच्या पाहुणचारापायी आमची मासळी कुजेल. म्वांतुमूनं त्यांना दाराबाहेर आणून दोरीवर वाळत घातलेले ऑक्टोपस दाखवले. "तुझी आजी बर्फ कुठून आणत होती रे?" तिनं आपल्याच मुलाला विचारलं. किडावानं शहरातून मीठ पाठवलं. मासळी खारवली गेली, वाळवली गेली, आणि खपलीही, कारण आत आत घायपाताच्या मळ्यांकडे सुक्या मासळीला गिऱ्हाईक पुष्कळ. तीन आठवड्यांनी बर्फाची गाडी आपणहून परत आली. गाडीवर मुकादम नवीन होता.

पण म्वांतुमूनं किडावालाही फुकटात सोडलं नाही. ती एका शुक्रवारी सगळ्या बायकांना घेऊन न्गामियानीत आली. बाकड्यांकडे बघितलं, हंड्यांकडे बघितलं. "आता देणं-बिणं पुरे. रीतसर विकू, रीतसर घे," ती म्हणाली. "पण एक ऐक. साठ वर्षं मी हे पकडतेय. शहरात बसवून कुणी मला ते कधी वाढलं नाही."

किडावानं पळी खाली ठेवली. मग बाकड्यावर बसलेल्या गिऱ्हाइकांना म्हणाली, "उठा. सगळे उठा. अर्ध्या तासानं या."

तेव्हापासून तिथं तसंच चालतं. बारा ते साडेबारा ज्यांनी पकडलं, चिरलं, खवलं, भांडी घासली, त्या सगळ्या बसून जेवतात. बाकीचे थांबतात. पहिले काही दिवस लोक चिडले. बंदराचे साहेब घड्याळ दाखवून म्हणाले, "अहो, माझी सुट्टीच एक तासाची!" किडावा म्हणाली, "साडेबाराला या, अर्धा तास उरतो. तुम्ही तसेही भराभराच खाता."

हॉटेलात मी आणखी चार महिने काढले. शुक्रवारची अर्धी टेबलं रिकामी असायची. एकदा ती शाळेची जाड चष्म्याची बाई पाहुण्यांना घेऊन आली आणि तिनं मला विचारलं, "ऑक्टोपस किडावाच्या पद्धतीचा आहे का हो?" मालक मागेच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षं मी अशा प्रश्नाला 'हो मॅडम' म्हणत आलो होतो.

"नाही," मी म्हणालो. "तो न्गामियानीत मिळतो. चला, मी दाखवतो." गळ्यातला बो काढून सात नंबरवर ठेवला. तिला आणि तिच्या पाहुण्यांना घेऊन चालत गेलो. किडावानं मला बघून एवढंच विचारलं, "ताटं उचलशील की नुसता वही घेऊन उभा राहशील?"

देसदेरीही आला एक दिवस, टोपीशिवाय. "मावशी, शिकवा," म्हणाला. तिनं त्याला थेट उफुकोनीला पाठवलं. डोंगरातला माणूस, पहिल्याच खडकावर बुटासकट आडवा झाला. बायका इतक्या हसल्या की त्या दिवशी निम्मे ऑक्टोपस सुटले म्हणतात. पण तो चिवट निघाला. तीन आठवडे राहिला. मेनूबद्दल त्यानं माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, "तू लिहिलं नव्हतंस. पण वाचून गप्प बसलास. हा हेमेदीही बसला होता." आम्ही दोघं शेजारी शेजारी नारळ सोलत होतो. पुढे तो लांबच्या एका सरोवराकडे गेला, तिथे त्यातल्या माशांचं दुकान टाकलं. अधूनमधून कॉफी पाठवतो.

आणि मालक? आले. पाच-सहा वर्षांनी, एका शुक्रवारी, बारा वाजून दहा मिनिटं झालेली असताना. जेवणं चालली होती. मी पुढे झालो. "साडेबारापर्यंत थांबावं लागेल, मालक."

"मला?"

"सगळ्यांना."

मी स्टूल दिलं, ते नको म्हणाले. बदामाच्या सावलीबाहेर उन्हात उभे राहिले, रुमालानं मान पुसत. साडेबाराला किडावानं त्यांना बाकड्यावर बसवलं आणि स्वतः वाढलं. ताट निम्मं झाल्यावर ते म्हणाले, "परत ये. मुख्य शेफ म्हणून. टोपी, खोली, मेनूवर तुझा फोटो."

"एकटीचा?"

"मग कुणाचा?"

"या सतरा जणी आहेत. म्वांतुमू मावशी धरून अठरा."

मालक हसले. "एवढ्या मेनूवर मावतील कशा?"

"मेनू मोठा छापा."

"थट्टा करू नकोस, किडावा."

"नाही करत. हॉटेल तुमचं, नियम तुमचा. इथे माझा आहे. तुम्ही जेवा, रस गार होतोय." ते जेवले. दुसऱ्यांदा भात मागून घेतला. जाताना मला म्हणाले, "हेमेदी, ही बाई कुणाचं ऐकत नाही." तक्रार होती की कौतुक, मला कळलं नाही. त्यानंतर दोन वर्षांनी त्यांनी हॉटेल विकलं. तिथे आता बँकेचं ऑफिस आहे.

बी किडावा आता सत्तरीला आली. गुडघे गेलेत, खडकांवर जात नाही. म्वांतुमू वारली, तिच्या जागी तिची सून आहे. मधल्या काळात उफुकोनीचे ऑक्टोपस लहान लहान यायला लागले होते, मुठीएवढे, कारण शहरात ज्याच्या-त्याच्या हॉटेलात तोच पदार्थ आणि दर ओहोटीला नुसती झुंबड. तेव्हा बी किडावा बसमध्ये बसून गावात गेली आणि बायकांच्या बैठकीत म्हणाली, वर्षातून चार महिने खडक बंद ठेवा. गावानं पुष्कळ वाद घातला आणि शेवटी ठेवले. त्या चार महिन्यांत बाकीची हॉटेलं कुठून तरी गोठवलेला आणतात. ती आणत नाही. चवळी करते.

गेल्या वर्षी त्याच दिवसांत राजधानीहून एक मोठे साहेब शहरात आले. आधी एक फोन आला, मग दुसरा, मग कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस गाडीतून उतरला आणि मला म्हणाला, "साहेब खास इथल्या ऑक्टोपससाठी येतायत. उद्या एक वाजता. सोय करा."

मी आत गेलो. बी किडावा खवणीवर बसली होती, नातीला नारळ कसा धरायचा ते दाखवत. मी निरोप सांगितला. तिनं खवणं थांबवलं नाही.

"खडक बंद आहेत."

"मी सांगितलं त्याला. तो म्हणतो, एका दिवसापुरते उघडता येतील. वरून फोन करवतो म्हणतो."

"कुठून वरून?"

"वरून म्हणजे... वरून."

ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून, दोन टप्प्यांत. चालत बाहेर गेली. इस्त्रीच्या शर्टानं वाकून नमस्कार केला.

"बाबा," ती म्हणाली, "साहेबांना सांग, ऑक्टोपस अजून लहान आहे. साहेब चांगले मोठे झालेत, त्यांना थांबता येईल. उद्या चवळी आहे. एक वाजता म्हणालास ना? एकला या. बाराला आम्ही जेवतो."

साहेब आले. चवळी जेवले.